हस्तचालित व्हीलचेअर: निवड आणि जुळणी

हस्तचालित व्हीलचेअर म्हणजे चालता न येणाऱ्या किंवा चालणे कठीण झालेल्या व्यक्तीने स्वतःच्या हातांनी चालवायची, अथवा सोबतच्या व्यक्तीने ढकलायची, चाकांची खुर्ची होय. रुग्णाला एका कक्षातून दुसऱ्या कक्षात नेणारी रुग्णालयातील खुर्ची आणि रोज अनेक तास बसण्याची खुर्ची यांत मूलभूत फरक आहे. पहिली अनेकांसाठी सामाईक असते. दुसरी वापरणाऱ्याच्या शरीराला, घराला आणि रस्त्याला जुळणारी असावी लागते. अयोग्य मापाच्या खुर्चीमुळे शय्याव्रण, पाठीच्या कण्याची वक्रता आणि खांद्यांचे दुखणे उद्भवू शकते.

पार्श्वभूमी

खाणीतील अपघातात पाठीच्या कण्याला इजा झालेले अमेरिकन अभियंता हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्यांचे मित्र हॅरी जेनिंग्स यांनी १९३० च्या दशकात पोलादी नळ्यांची घडीची व्हीलचेअर तयार केली. आसनाखालील फुलीच्या आकाराच्या दांड्यांमुळे ती मोटारीत ठेवता येऊ लागली. आजही घडीच्या बहुतेक खुर्च्यांची रचना अशीच असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये हस्तचालित व्हीलचेअर पुरवण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत खुर्ची देण्याबरोबरच शारीरिक तपासणी, जुळणी, प्रशिक्षण आणि पाठपुरावा हेही सेवेचे आवश्यक टप्पे मानले आहेत.

मोजमापे

व्यक्तीला सपाट, कठीण आसनावर ताठ बसवून मापे घेतली जातात.

आसनाची रुंदी: नितंबांच्या सर्वाधिक रुंदीइतकी. आसन फार रुंद असल्यास व्यक्ती एका बाजूला कलते आणि चाकांपर्यंत हात नीट पोहोचत नाहीत; फार अरुंद असल्यास कातडी घासली जाते.

आसनाची खोली: नितंबांच्या मागील भागापासून गुडघ्याच्या मागील बाजूपर्यंतच्या अंतरापेक्षा ३ ते ६ सेंटिमीटर कमी. खोली जास्त झाल्यास व्यक्ती पुढे घसरून पोक काढून बसते.

पायटेक्याची उंची: मांड्या उशीवर पूर्ण टेकतील अशी. पायटेका फार वर असल्यास गुडघे उचलले जातात आणि शरीराचा भार बसण्याच्या हाडांवर एकवटतो.

पाठटेक्याची उंची: धडावरील नियंत्रण चांगले असल्यास बरगड्यांच्या खालच्या कडेपर्यंतचा टेका पुरतो व हात मोकळे राहतात. नियंत्रण कमी असल्यास तो उंच लागतो.

मागील चाकांची मांडणी

मागील चाकांची आस पुढे घेतल्यास पुढच्या लहान चाकांवरील भार घटतो. खुर्ची हलकी चालते आणि सहज वळते. मात्र ती मागे उलटण्याचा धोका वाढतो. आस मागे नेल्यास स्थैर्य वाढते, पण ढकलण्यास अधिक जोर लागतो. दोन्ही पाय मांडीपासून गमावलेल्या व्यक्तीच्या शरीराचा गुरुत्वमध्य मागे सरकलेला असतो, त्यामुळे तिच्यासाठी आस मागे ठेवली जाते. नवशिक्या व्यक्तीच्या खुर्चीला मागे उलटण्यास अटकाव करणाऱ्या लहान चाकांची जोड देता येते.

चाकाभोवतीच्या कडीच्या सर्वांत वरच्या बिंदूवर हात ठेवला असता कोपराचा कोन साधारणपणे १०० ते १२० अंश असावा. आसन फार खाली असल्यास खांदे उचलावे लागतात; फार वर असल्यास कडीचा थोडाच भाग हाती येतो.

उशी आणि शय्याव्रण

मज्जारज्जूला इजा झालेल्या अनेक व्यक्तींना बसलेल्या भागाची संवेदना नसते, त्यामुळे दाबाने कातडीला होणारी इजा त्यांना जाणवत नाही. यासाठी दाब विभागणारी उशी हा खुर्चीचा अविभाज्य भाग मानला जातो. तपासताना उशी आणि बसण्याचे हाड यांच्यामध्ये बोटांची टोके सरकवतात. ती सुमारे ५ मिलिमीटर वरखाली हलली तर दाब सुरक्षित असतो. हलत नसली पण सहज बाहेर येत असली तर सावधगिरी हवी. चिमटल्यासारखी अडकली तर उशी बदलावी लागते. याखेरीज ठरावीक वेळाने पुढे किंवा बाजूंना झुकून दाब हलका करणे आणि रोज कातडी पाहणे आवश्यक असते.

घर आणि परिसर

हातांनी चालवायच्या खुर्चीची एकूण रुंदी आसनापेक्षा सुमारे २० सेंटिमीटर अधिक असते. म्हणून खरेदीपूर्वी न्हाणीघर व शौचालयाच्या दारांची रुंदी मोजणे आवश्यक असते. उतारमार्गासाठी १:१२ हे प्रमाण प्रचलित आहे. म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीच्या पायरीसाठी १८० सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो. गुळगुळीत फरशीवर लहान, कठीण पुढची चाके हलकी चालतात, परंतु खडी, माती किंवा शेतवाटेवर ती रुततात. तेथे मोठी व रुंद पुढची चाके आणि पुढच्या-मागच्या चाकांतील अधिक अंतर उपयुक्त ठरते.

देखभाल

बहुतेक खुर्च्यांचा ब्रेक टायरवर दाबला जातो. त्यामुळे हवा कमी झाली की खुर्ची जड चालते आणि ब्रेकही नीट लागत नाही. पलंगावर किंवा शौचकुपावर सरकताना खुर्ची निसटून व्यक्ती पडू शकते. मागील चाकांची जागा बदलल्यावर ब्रेक पुन्हा बसवावा लागतो. पुढच्या चाकांच्या आसात अडकलेले केस व दोरे काढणे, नटबोल्ट आवळणे आणि आसनाचे कापड सैल झाले आहे का ते पाहणे, ही कामे नियमितपणे करावी लागतात.

भारतातील उपलब्धता

केंद्र शासनाच्या १९८१ पासूनच्या 'एडिप' योजनेद्वारे कमी उत्पन्न असलेल्या दिव्यांग व्यक्तींना साहाय्यक साधने दिली जातात. कानपूर येथील 'अलिम्को' हा सार्वजनिक उपक्रम व्हीलचेअरचे उत्पादन करतो. आयआयटी मद्रासमध्ये विकसित झालेली 'निओफ्लाय' ही खुर्ची वापरणाऱ्याच्या मापांनुसार जुळवता येते. मुंबईत हाजीअली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था पुनर्वसनाच्या क्षेत्रात कार्यरत आहे. खुर्ची कोणत्याही मार्गाने मिळाली, तरी तिची जुळणी व्यक्तीला प्रत्यक्ष बसवून तपासावी लागते. वजन, वाढते वय किंवा आजार यांमुळे शरीर बदलल्यास ही तपासणी पुन्हा करावी लागते.