मृत्यूचे आकर्षण आणि मरणानुस्मृती : ‘विहीर’ चित्रपटाच्या निमित्ताने

मृत्यूविषयी बोलणे अभद्र मानण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. घरात कोणी गेले की मुलांना शेजाऱ्यांकडे धाडतात, आणि त्यांच्या प्रश्नांना ‘देवाघरी गेले’ एवढेच उत्तर मिळते. जे झाकले जाते त्याचे आकर्षण वाढते. हे आकर्षण कोवळ्या वयाच्या मनाला कोठवर ओढून नेते, हा उमेश विनायक कुलकर्णी यांच्या ‘विहीर’ या मराठी चित्रपटाचा विषय आहे. 2010 च्या बर्लिन चित्रपट महोत्सवात तो दाखविला गेला. समीर आणि नचिकेत हे मावसभाऊ व जिवलग मित्र. त्यांपैकी नचिकेत अस्वस्थ वृत्तीचा, नात्यागोत्याच्या गोतावळ्यातून निघून जाण्याची भाषा करणारा. एके दिवशी तो विहिरीत मृतावस्थेत सापडतो. घर हळूहळू सावरते. समीर मात्र सावरत नाही. लपंडावातला गडी कोठे दडला आहे, अशा भावनेने तो त्याला शोधीत राहतो आणि अखेर घर सोडून निघतो.

चित्रपट संयत आहे, शोकाचा बाजार मांडीत नाही, म्हणूनच त्याचा गंभीरपणे विचार करावयास हवा. आमचे लक्ष प्रथम नावाकडे गेले. कठोपनिषदातील नचिकेता यमाच्या दारी जाऊन तिसरा वर मागतो तो असा, की मेल्यावर मनुष्य उरतो की नाही हे सांग. यम धनाची, राज्याची, दीर्घायुष्याची लालूच दाखवितो. मुलगा हटत नाही. शेवटी त्याला अमर आत्म्याचे ज्ञान मिळते. मृत्यूच्या दारातच परमसत्य आहे, ही धारणा अशा रीतीने भारतीय मनात रुजली.

मज्झिम निकायात जवळजवळ हाच प्रश्न मालुंक्यपुत्त भिक्खू तथागतांना विचारतो. उत्तर मिळाले नाही तर संघ सोडण्याची धमकीही देतो. तथागत त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टान्त देतात. बाण मारणारा क्षत्रिय की ब्राह्मण, वैश्य की शूद्र, हे कळल्याखेरीज बाण काढू देणार नाही, असे म्हणणारा तो माणूस उत्तर मिळण्यापूर्वीच मरेल. (जखमेतून रक्त वाहत असता मारणाऱ्याची जात विचारणारा हा गृहस्थ आपल्याला परका वाटू नये!) मरणोत्तर काय, हा प्रश्न तथागतांनी अव्याकृत ठेवला. दुःख आहे, त्याला कारण आहे आणि ते याच जीवनात दूर होऊ शकते, एवढेच त्यांनी सांगितले. यमाचे उत्तर आणि तथागतांचे मौन यांत केवळ पंथभेद नाही. जिज्ञासेची दिशाच वेगळी आहे.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात हाच मुद्दा दुसऱ्या बाजूने धरला आहे. सिद्धार्थाने वृद्ध, रोगी व प्रेत पाहून गृहत्याग केला, ही पारंपरिक कथा त्यांनी बुद्धीला न पटणारी म्हणून नाकारली. एकोणतीस वर्षांच्या पुरुषाने तोवर मरण पाहिलेच नव्हते, हे संभवत नाही. त्याजागी बाबासाहेबांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात झालेला कलह ठेवला. धम्माचा उगम प्रेताच्या दर्शनात मानला, तर धम्म मृत्यूच्या मोहाची शाखा ठरतो. मनुष्यामनुष्यांतील संघर्षात मानला, तर तो जगण्याचा विचार ठरतो.

बौद्ध साधनेत प्रेताचे चिंतन आहे ना, अशी शंका येथे निघेल. आहे. सतिपट्ठान सुत्तात स्मशानातील देहाच्या नऊ अवस्थांवर चिंतन सांगितले आहे. परंतु त्याच परंपरेने या साधनेतला धोकाही निर्भीडपणे नोंदवून ठेवला. विनयपिटकानुसार वैशालीच्या महावनात तथागतांनी अशुभभावनेचा उपदेश केला आणि पंधरा दिवस ते एकान्तात गेले. परतल्यावर त्यांना संघ विरळ दिसला. देहाची किळस येऊन कित्येक भिक्खूंनी स्वतःचा अंत करून घेतला होता, कित्येकांनी दुसऱ्याकडून करविला होता. तेव्हा तथागतांनी आनापानसति, म्हणजे श्वासावरील स्मृती, शिकविली आणि मनुष्यवधाविषयीचा तिसरा पाराजिक नियम घातला. त्या नियमात पुढे मृत्यूची स्तुती करून कोणास मरणास प्रवृत्त करणे हेही आले. मृत्यू सुंदर आहे असे दुसऱ्याला पटवून देणाऱ्या भिक्खूला संघात स्थान नाही. मरणसति आणि मरणाचे आकर्षण यांतील सीमारेषा इतकी स्पष्ट अन्यत्र क्वचितच आढळेल.

‘विहीर’ मृत्यूची स्तुती करतो, असे आम्ही म्हणत नाही. पण समीर शोधासाठी माणसांपासून दूर, उघड्या माळावर जातो. थेरीगाथेमुळे आपल्याला परिचित असलेली किसा गोतमी मृत बालक कडेवर घेऊन निघते, तेव्हा तथागत तिला माणसांकडे पाठवितात. ज्या घरी कोणी मेले नाही तेथून मोहरी आण, असे सांगतात. प्रत्येक दारी तिला मोहरी देऊ करणारे हात भेटतात, आणि प्रत्येक दारी कोणाच्या तरी मरणाची हकीकत ऐकावी लागते. शोक बोलला गेला, ऐकला गेला. मग तिने बालकाला स्मशानात ठेवले.

हीच गोष्ट डहाणू तालुक्यातील कैनाडसारख्या गावी बसून वाचली, तर आणखी एक बाजू समोर येते. डहाणू-तलासरीचा हा मुलूख मुख्यतः वारली समाजाचा. त्याच्या पूर्वेला डोंगराळ जव्हार तालुका आहे. तो ठाणे जिल्ह्यात असताना, 1992 साली, तेथील वावर-वांगणी भागात शंभराहून अधिक बालके कुपोषणाने दगावल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. आज हा सारा प्रदेश 2014 साली झालेल्या पालघर जिल्ह्यात येतो. अशा ठिकाणी मृत्यू हे गूढ नसते. त्याला धान्य, दवाखाना, रस्ता आणि रोजगार यांच्या अभावाचे नाव असते. गोतमी त्या वर्षी त्या पाड्यांवर गेली असती, तर मरण न पाहिलेले घर तिला तेथेही मिळाले नसते. मात्र एका वर्षात इतक्या आयांच्या कडेवरची मुले का गेली, हे तिने प्रत्येक दारी विचारले असते, आणि तो प्रश्न अव्याकृत ठेवण्याजोगा नव्हता.