गंधशोधक श्वानांचे बक्षीस-आधारित प्रशिक्षण : तत्त्व आणि मर्यादा

प्रस्तावना :
१९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलीस दलातील 'जंजीर' या श्वानाने स्फोटके शोधण्यात बजावलेली कामगिरी सर्वपरिचित आहे. अशा कामगिरीमुळे श्वानपथकांविषयीचा जनविश्वास दृढ झाला. तथापि श्वानाने दिलेला इशारा गंधावरून असतो की सोबतच्या माणसाच्या हालचालींवरून, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार प्रशिक्षणपद्धतीच्या अंगाने केला आहे.

प्रशिक्षणाचे तत्त्व :
मानवाच्या नाकात गंधग्राही पेशी सुमारे ५० ते ६० लाख असतात. श्वानात ही संख्या कोट्यवधींच्या घरात जाते. ही शक्ती उपजत असली तरी कोणत्या गंधाला महत्त्व द्यावे, हे शिकवावे लागते. ज्या वर्तनाचा परिणाम सुखद, ते वर्तन पुन्हा घडते, हा साधक अभिसंधानाचा नियम येथे उपयोगी पडतो. एकसारख्या अनेक डब्यांपैकी एकातच अपेक्षित गंध ठेवला जातो. श्वानाने तो हुंगताच त्याला चेंडू अथवा खाऊ मिळतो. पुढे त्या डब्यापुढे शांत बसल्यावरच बक्षीस दिले जाते. कारण स्फोटकाला पंजा लावणे धोक्याचे असते. बक्षिसास क्षणाचाही विलंब झाला तर भलतेच वर्तन दृढ होते. म्हणून बी. एफ. स्किनर यांनी १९५१ मध्ये, योग्य क्षण दर्शविण्यासाठी 'टक्' असा आवाज करणारे खेळणे वापरण्याचे सुचविले होते.

पद्धतीतील धोका :
मात्र गंध कोठे आहे हे श्वानहस्तकाला ठाऊक असेल, तर त्याचे थबकणे, लगाम सैल सोडणे किंवा रोखून पाहणे हेही बक्षिसाचे सूचक ठरते. जर्मनीतील 'हान्स' नावाचा घोडा गणिते सोडवतो, असा समज होता. तो प्रश्नकर्त्याच्या सूक्ष्म हालचालींवरून उत्तर देतो, हे ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये सिद्ध केले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातील एका अभ्यासात १८ श्वान-हस्तक जोड्यांकडून १४४ शोध करवून घेण्यात आले. कोठेही अपेक्षित गंध ठेवलेला नव्हता; परंतु काही खोल्यांत खुणेच्या कागदाजवळ गंध असल्याचे हस्तकांना सांगितले होते. १२३ शोधांत एक वा अधिक चुकीचे इशारे नोंदले गेले, आणि खुणेच्या जागी ते विशेष आढळले.

उपाय :
यावर उपाय शिक्षा हा नसून चाचणीची शिस्त हा आहे. गंध तिसऱ्या व्यक्तीने लपवावा व हस्तकाला त्याची माहिती नसावी. काही शोध पूर्णतः रिकामे असावेत आणि अशा वेळी इशारा न देणे हेही यश मानावे. हातमोज्यांचा वा डब्यांचा वास हीच खूण ठरू नये, म्हणून रिकाम्या डब्यांनाही तशीच हाताळणी मिळावी.

समारोप :
महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये, माग काढणाऱ्या श्वानाचा पुरावा ग्राह्य असला तरी त्यास सामान्यतः फारसे वजन देता येत नाही, असे मत नोंदविले. वरील विवेचनावरून ही सावधगिरी मानसशास्त्राच्या दृष्टीनेही समर्थनीय ठरते. श्वान जे शिकतो ते बक्षिसाने ठरते. म्हणून बक्षीस गंधाशी जोडले गेले की हस्तकाच्या अपेक्षेशी, याची पडताळणी झाल्याशिवाय श्वानाच्या इशाऱ्यावरून कोणासही संशयित ठरविणे न्याय्य नव्हे.