जुनापाणीचें शिलावर्तुळांचें स्मशान

स्मशान म्हटलें कीं आपल्या मनापुढें ओढ्याचा कांठ, राखेचे ढीग किंवा चुन्यानें रंगविलेलीं थडगीं उभीं राहतात. परंतु ज्यास कुंपण नाहीं, जेथें कोणाचें नांव कोरलेलें नाहीं, आणि ज्यांत निजलेल्यांची भाषाही आज कोणास ठाऊक नाहीं, असें एक स्मशान आपल्या विदर्भांत आहे. गेल्या हिंवाळ्यांत केशोरीहून कांहीं विद्यार्थ्यांस घेऊन मीं तें पाहिलें. त्याची हकीगत येथें थोडक्यांत सांगतों.

नागपुराहून काटोलच्या रस्त्यानें गेलें म्हणजे जुनापाणी लागतें. तेथील माळावर मोठमोठे धोंडे वर्तुळाकार मांडलेले दिसतात. अशीं सुमारें ३०० वर्तुळें या परिसरांत नोंदलीं गेलीं आहेत. मुलांस तीं प्रथम गुरांचीं आवारें वाटलीं. त्यांत नवल नाहीं. पूर्वीं लोकही हें जुन्या गवळ्यांचें काम समजत.

वस्तुतः हीं दफनाचीं स्थानें होत. मृताच्या अस्थि, मातीचीं भांडीं व हत्यारें ठेवून त्यांवर माती, मुरूम व गोटे यांचा ढीग रचीत, आणि भोंवतीं धोंड्यांचें कडें घालीत. पुष्कळ ठिकाणीं पूर्ण सांगाडा न सांपडतां थोड्याच अस्थि सांपडतात. त्यावरून देह प्रथम अन्यत्र ठेवून मागाहून अस्थि आणून पुरण्याची चाल असावी, असें विद्वानांस वाटतें. कांहीं धोंड्यांवर वाटीसारखे लहान खळगे ओळीनें कोरलेले आहेत. त्यांचा अर्थ अद्याप उकललेला नाहीं.

रिव्हेट-कार्नॅक नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें १८६७ सालीं येथें प्रथम खोदकाम केलें. त्यांतील वस्तु लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें गेल्या. पुढें १९६१-६२ सालीं बी. के. थापर यांनीं शास्त्रीय पद्धतीनें उत्खनन केलें. डॉ. शां. भा. देव व त्यांचे सहकारी यांनीं टाकळघाट-खापा, माहुरझरी व नायकुंड येथें असेंच कार्य केलें. या सर्वांवरून हे लोक अडीच हजार वर्षांहून अधिक पूर्वींचे ठरतात.

ते रानटी होते काय? मुळींच नाहीं. नायकुंडास लोखंड गाळण्याची भट्टी सांपडली आहे. माहुरझरीच्या दफनांत घोड्यांच्या अस्थि व घोड्यांच्या तोंडावर चढवावयाचे तांब्याचे अलंकार मिळाले. कुऱ्हाडी, कट्यारी, काळीं-तांबडीं भांडीं व अकीकाचे मणि हेंही त्यांचेंच वैभव. आपलें जें उत्तम तें त्यांनीं मृतांबरोबर मातींत ठेविलें.

परत निघतांना एका मुलानें खापराचा तुकडा उचलून खिशांत घातला. मीं तो होता तेथेंच ठेवावयास लाविला, तेव्हां तो हिरमुसला. “गुरुजी, एवढ्याशा तुकड्यानें काय बिघडतें?” असें त्यानें विचारलें. मीं म्हणालों, “बाळ, वस्तूची जागा हाच तिचा अर्धा इतिहास असतो.” हें शहाणपण मला उशीरां आलें आहे. एका शेतांत उचललेला मणि माझ्या मेजावर कित्येक वर्षें होता. तें शेत कोणतें, हें आज मला सांगतां येत नाहीं. तो मणि आतां मुका झाला आहे.

तोंच दुसरा एक मुलगा म्हणाला, “माझ्या मामाच्या गांवाकडे, भामरागडास, आजही मेलेल्या माणसासाठीं दगड उभा करतात.” खरेंच आहे, माडिया लोकांत ही चाल आहे. यावरून ते या वर्तुळांच्या कर्त्यांचेच वंशज, असें म्हणतां येणार नाहीं; तथापि ‘आमचें माणूस येथें होतें’ हें दगडाकडून वदविण्याची इच्छा दोहोंची एकच. हें ऐकल्यावर वर्तुळांतील धोंड्यावर बसून शिदोरी खाणारीं मुलें आपण होऊन खालीं उतरलीं.

पालकहो, जुनापाणीचीं वर्तुळें पुरातत्त्वखात्याच्या संरक्षणाखालीं आहेत. परंतु विदर्भांतील अशीं अनेक वर्तुळें नांगरटीनें, खाणींनीं व वाढत्या वस्तीनें मोडलीं आहेत. बांधासाठीं काढलेला धोंडा पुन्हां जागीं बसवितां येत नाहीं. तुमच्या शेतांत असे धोंडे मांडलेले आढळल्यास ते हलवूं नका, शाळेस कळवा. आपल्या मृतांची जागा कोणी विस्कटूं नये, असें आपणां सर्वांसच वाटतें. ज्यांचें नांव घेणारें आज कोणी उरलें नाहीं, त्यांच्यासाठीं तें आपणच वाटून घेतलें पाहिजे.