नावांचे सारखेपण

1 नोव्हेंबर 2014 रोजी कर्नाटकातील 12 शहरांची इंग्रजी नावे कन्नड उच्चाराला धरून बदलण्यात आली. ‘बँगलोर’चे ‘बेंगळूरु’ झाले, ‘बिजापूर’चे ‘विजयपुरा’. वाचणाऱ्या माणसाला यात फारसे अवघड काही नव्हते. संगणकाच्या लेखी मात्र दोन शब्द एकतर तंतोतंत सारखे असतात, नाहीतर सर्वस्वी भिन्न. जुन्या नावाने नोंदलेला कागद नव्या नावाने शोधू गेल्यास तो सापडत नाही. म्हणून ‘जवळजवळ सारखे’ म्हणजे किती सारखे, हे यंत्राला आकड्यांत सांगावे लागते.

यासाठीची एक पद्धत संगणकाहूनही जुनी आहे. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी 1918 मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे ती ‘साउंडेक्स’ म्हणून रूढ झाली. तिच्यात नावाचे पहिले अक्षर कायम ठेवतात, पुढील स्वर गाळतात आणि उरलेल्या व्यंजनांना उच्चाराच्या जवळिकीनुसार 1 ते 6 हे अंक देतात. तीन अंक झाले की थांबायचे. बंगळूरच्या जुन्या व नव्या दोन्ही रोमन नावांत बीनंतर एन, जी आणि एल येतात. त्यामुळे दोन्हींचा संकेत ‘बी 524’ असाच निघतो. येथवर पद्धत यशस्वी ठरते. परंतु ‘बेंगाल’चा, म्हणजे अख्ख्या बंगालचा, संकेतही ‘बी 524’च आहे, कारण शेवटचा आर मोजण्याआधीच तीन अंक संपलेले असतात! उलट विजापूरचे जुने नाव ‘बी 216’ आणि नवे ‘व्ही 216’ ठरते. बी आणि व्ही हे वस्तुतः एकाच गटातील वर्ण. पण पहिले अक्षर न बदलण्याचा नियम आड येतो.

दुसरी पद्धत सोव्हिएत गणितज्ञ व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांनी 1965 मध्ये मांडलेल्या कल्पनेवर उभी आहे. एका शब्दाचा दुसरा शब्द करण्यासाठी किमान किती अक्षरे घालावी, गाळावी किंवा बदलावी लागतात, तेवढे त्यांचे अंतर. बंगळूरच्या दोन रोमन नावांतील अंतर 3 आहे. ‘बँगलोर’ आणि ‘मँगलोर’ यांच्यातील अंतर मात्र अवघे 1! अक्षरे मोजणाऱ्याला उच्चार कळत नाही, त्याचा हा परिणाम.

शहरांच्या बाबतीत ही गंमत वाटेल. माणसांच्या बाबतीत वाटणार नाही. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून बंगळूरच्या परिसरात मराठी माणसे राहत आली आहेत. त्यांची आडनावे कधी कन्नड तर कधी रोमन लिपीत नोंदली जातात. ‘शिंदे’ रोमन लिपीत लिहिताना एखाद्या लेखनिकाने एच हे अक्षर एसऐवजी डीच्या पुढे टाकले, तर मूळ नावापासून त्याचे अंतर 2 होते. ‘शेंडे’ हे निराळे आडनाव असूनही ते ‘शिंदे’पासून केवळ 1 अंतरावर आहे. साउंडेक्स तर तिन्हींना ‘एस 530’ म्हणून एकाच पेटीत टाकते. अशा मोजमापावर विसंबून मतदारयादीतील ‘दुबार’ नावे कोणी काढू लागला, तर शेंड्यांचे मत शिंद्यांच्या खात्यावर बुडेल. म्हणून साउंडेक्सने केवळ संशयित जोड्या गोळा कराव्यात, अंतराने त्यांचा क्रम लावावा आणि निर्णय मात्र वय, पत्ता व वडिलांचे नाव पाहून माणसानेच घ्यावा, हे बरे.

मूळ लिपीत तुलना केल्यास पुष्कळसा घोटाळा टळतो. देवनागरीत शिंदे आणि शेंडे यांच्यात एकाऐवजी दोन फरक दिसतात, कारण द आणि ड येथे वेगळे आहेत. आपली वर्णमाला उच्चारस्थानानुसारच रचलेली असल्याने साउंडेक्सचे गट मुद्दाम पाडण्याचीही फारशी गरज उरत नाही. शिवाय युनिकोड या संकेतप्रणालीत कन्नड आणि देवनागरीतील समान वर्ण समान क्रमाने मांडलेले आहेत: देवनागरी क, ग किंवा ळ यांच्या क्रमांकात 896 मिळवले की तेच कन्नड वर्ण मिळतात. एका लिपीतील नाव दुसरीत नेणे ही बहुतांशी बेरीज-वजाबाकीच होते. बहुतांशी म्हणण्याचे कारण खुद्द शहराच्या नावातच आहे. कन्नडमध्ये त्याचा पहिला स्वर ऱ्हस्व ए आहे. त्यासाठी रोजच्या मराठी लेखनात चिन्ह नाही, आणि म्हणून मराठी माणूस कधी ‘बेंगळूरु’ लिहितो, तर कधी ‘बंगळूर’.