घरच्या संगणकावर विमान

बारामती-इंदापूरच्या रानात खुरपणी चालू असताना डोक्यावरून घरघरत जाणारी सराव-विमाने आपल्याला नवी नाहीत. ती पाहून घरातली मुलगी किंवा मुलगा ‘मलाही शिकायचंय’ म्हणत असेल, तर लाखोंची फी भरण्याआधी तिची गोडी घरच्या संगणकावर पाहा.

संगणकावर लिनक्स असेल तर पहिली पसंती ‘फ्लाइटगिअर’ला द्या. जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून रचलेला हा विमान चालवण्याचा खेळ फुकट मिळतो. शिकाऊंचे सेसना १७२ त्यात तयारच असते. ‘एक्स-प्लेन’ही लिनक्सवर चालते, पण ते विकत घ्यावे लागते आणि यंत्रही दमदार लागते. आधी त्याचा फुकटचा नमुना चालवून पाहा. पैसे उरले तर साधी जॉयस्टिक घ्या. नुसत्या कळफलकावर हात बसत नाही.

नाक वर ओढले की विमान वर जाते, असे मुलांना वाटते. वेग नसताना ओढले, तर पंखांची उचल जाते आणि ते खाली येते. हे घरातच कळलेले बरे! २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात सराव-विमान कोसळून शिकाऊ वैमानिक मुलगी जखमी झाली होती.

व्यावसायिक परवान्याला लागणाऱ्या २०० तासांत मात्र हे घरचे तास धरत नाहीत. महिनाभर बसू द्या. मूल नुसते उडवते, की उतरवण्याचा सरावही कंटाळा न करता करते, तेवढे बघा.