सिल्वासाचं अपील अहमदाबादला जात नाही!

सिल्वासात न्यायव्यवस्थेचा धडा निघाला की एक उत्तर हमखास ऐकू येतं: "आपलं हायकोर्ट अहमदाबादला." मुलांचं एक वेळ समजू शकतं; शिकलीसवरलेली माणसंही हेच ठोकून देतात. पुरावा काय? शेजारी गुजरात, जवळचं मोठं स्टेशन वापी, तेही गुजरातेत. अहो, स्टेशन पाहून कोर्ट ठरत असतं का?

ते ठरतं कायद्याने. सिल्वासा ज्यात आहे ती दादरा आणि नगर हवेली १९६१ मध्ये भारतात विलीन झाली. त्याच वर्षी संसदेने केलेल्या अधिनियमाच्या कलम ११ ने मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राची तरतूद केली. गुजरात उच्च न्यायालय १ मे १९६० पासूनच सुरू होतं. तरीही संसदेने मुंबईच निवडली. २०२० मध्ये दमण-दीवबरोबर एक केंद्रशासित प्रदेश झाला, तेव्हाही हे बदललं नाही.

मुलांना खुनाच्या खटल्याची वाट दाखवा. आरोपपत्र दंडाधिकाऱ्यांपुढे येतं, ते खटला सत्र न्यायालयाकडे सोपवतात. साक्षीपुरावे आणि निकाल सिल्वासातच. अपील मुंबईला, त्यापुढे दिल्लीला. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, तर आरोपीने अपील केलं नाही तरी उच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केल्याशिवाय ती अमलात येत नाही.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

"हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हा प्रदेश भारताला दिला." नाही. १२ एप्रिल १९६० चा निकाल, इथे आधी राज्य असलेल्या पोर्तुगालला भारतातून ये-जा करण्याचा हक्क आहे का, एवढ्यापुरता होता. सैन्य आणि शस्त्रं नेण्याचा हक्क त्यात नाकारला गेला.

"जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं." जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, गोपाळ गोडसे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच हे सांगितलं. सरकारने शिक्षेत सूट दिली तरच सुटका.

"न्यायाधीश हातोडा आपटतात." फक्त सिनेमात.

"वकिलाला पैसे नाहीत, म्हणजे केस गेली." विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७, कलम १२ वाचा: महिला, मुलं आणि अनुसूचित जमातींना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. इथल्या वारली, कोकणा घरांत हे माहीत असायलाच हवं.

शिक्षकहो, न्यायालयातली सुनावणी सहसा सर्वांसाठी खुली असते. परवानगीचं पत्र द्या आणि वर्गाला एकदा जिल्हा न्यायालयात घेऊन जा.