क्रोमचे पाणी गटारात का सोडता?

चामड्याच्या धंद्यातल्या माणसापुढे 'प्रदूषण' हा शब्द काढला की त्याला नोटीस आठवते, निरीक्षक आठवतो आणि टॅनरीच्या दरवाजाला लागलेले सील आठवते. त्यात त्याची चूक नाही. हा शब्द त्याच्यापर्यंत पोहोचला तो बहुतेक कोर्टाच्या मार्गानेच. २२ सप्टेंबर १९८७ रोजी सुप्रीम कोर्टाने कानपूरच्या जाजमऊतील टॅनऱ्यांना सांगितले की सांडपाण्यावर किमान प्राथमिक प्रक्रिया करा, नाहीतर कारखाना बंद करा. २८ ऑगस्ट १९९६ ला तामिळनाडूतील वेल्लोर भागाचा निकाल लागला. पालार नदीच्या काठची शेती व विहिरी बिघडल्याबद्दल पाच जिल्ह्यांतील प्रत्येक टॅनरीला दहा हजार रुपये दंड झाला, आणि जो नासवील त्यानेच भरपाई करावी हे तत्त्व कायम झाले. त्याच वर्षी डिसेंबरात कलकत्त्याच्या टांग्रा, तिलजला, तोपसिया येथील टॅनऱ्यांना शहराबाहेर बानतला येथे जाण्याचा हुकूम झाला. पुढे प्रयागच्या कुंभमेळ्यासाठी जाजमऊच्या टॅनऱ्यांना डिसेंबर २०१८ ते मार्च २०१९ असे तीन महिने काम थांबवण्याचे आदेश निघाले. एवढा इतिहास पाठीशी असल्यावर कारखानदाराने पर्यावरण म्हणजे आपल्या रोजीवरची गदा असे मानले तर नवल नाही.

परंतु याच काळात दुसरीकडे एक काम चालले होते, त्याची माहिती आपल्या बाजारात फार कमी पोहोचली. मद्रासची केंद्रीय चर्म संशोधन संस्था १९४८ साली स्थापन झाली. तेथील व इतर ठिकाणच्या रसायनतज्ज्ञांनी आणि इंजिनियरांनी टॅनरीच्या सांडपाण्याचा हिशेब व्यापाऱ्याच्या नजरेने मांडला. ज्या पदार्थाबद्दल आपण दंड भरतो तो पदार्थ आपणच पैसे मोजून विकत घेतलेला असतो, हे त्या हिशेबाचे सार. आज आम्ही तोच हिशेब वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कातडे कमावताना चुना, सल्फाइड वगैरे सोपस्कार झाल्यावर ते मिठाच्या व आम्लाच्या पाण्यात, म्हणजे पिकलमध्ये जाते आणि मग ड्रममध्ये क्रोम पडते. बाजारात ज्याला क्रोम पावडर म्हणतात ते बेसिक क्रोमियम सल्फेट. सर्वसाधारण रिवाज असा की चुन्यातून काढलेल्या कातड्याच्या वजनाच्या सुमारे आठ टक्के पावडर टाकायची. एक टन कातड्याला ऐंशी किलो झाली. ड्रम रात्रभर फिरो की दिवसभर, जुन्या पद्धतीत कातडे यातले साठ ते सत्तर टक्केच क्रोम धरते. बाकीचे हिरव्या-निळ्या पाण्याबरोबर नळीवाटे निघून जाते. म्हणजे दर टनामागे चोवीस ते बत्तीस किलो पावडर आपण रोज गटारात ओततो. आजच्या भावाने गुणाकार वाचकांनी स्वतः करावा आणि मग महिन्याच्या टनांनी पुन्हा एकदा करावा.

आता याच आकड्याची दुसरी बाजू. या वाहून गेलेल्या पावडरीत चार किलोच्या आसपास शुद्ध क्रोमियम असते. सरकारी नियमानुसार टॅनरीबाहेर पडणाऱ्या पाण्यात एका लिटरमागे दोन मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्रोमियम चालत नाही. केवळ पाणी वाढवून हे प्रमाण गाठायचे ठरवले तर एका टन कातड्यामागे वीस लाख लिटर पाणी ओतावे लागेल. दहा हजार लिटरचे दोनशे टँकर! पाणी मिसळून भागवू, ही पुष्कळ ठिकाणी चालणारी समजूत किती फोल आहे ते यावरून दिसते.

मग क्रोम परत मिळवायचे कसे? पद्धत ऐकताना मोठी वाटते, पण तिच्यात विशेष गुंतागुंत नाही. ड्रममधून निघणारे क्रोमचे पाणी इतर कोणत्याही पाण्यात मिसळू न देता वेगळ्या टाकीत घ्यायचे. जाळीतून गाळून त्यातले केस, तंतू, चरबी काढायची. मग त्यात मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड हळूहळू टाकून ढवळत राहायचे. पाण्याचा पीएच आठ ते साडेआठपर्यंत चढला की विरघळलेले क्रोमियम हायड्रॉक्साइड होऊन खाली बसू लागते. टाकी रात्रभर स्थिर ठेवली की सकाळी वर निवळी आणि तळाशी हिरवा साका. निवळी काढून प्रक्रिया केंद्राकडे पाठवायची आणि साक्यात बेताने गंधकाम्ल घालायचे. पीएच अडीच-पावणेतीनपर्यंत उतरला की साका विरघळून पुन्हा क्रोमचे द्रावण तयार होते आणि ते पुढच्या फेरीला ड्रममध्ये जाते.

येथे एक प्रश्न कोणीही हिशेबी माणूस विचारील. चुना, सोडा, कॉस्टिक हे मॅग्नेशियम ऑक्साइडपेक्षा स्वस्त आहेत, मग ते का नकोत? याचे उत्तर संशोधनाचा खरा उपयोग दाखवते. सोडा किंवा कॉस्टिक टाकले की क्रोम झटकन बाहेर पडते, पण कापसासारखे फुगलेले. ते लवकर बसत नाही, टाकी अडवून ठेवते, शेवटी दाबून पाणी काढायला फिल्टर प्रेस घ्यावा लागतो. चुना टाकला तर पाण्यातल्या सल्फेटशी मिळून जिप्सम होतो आणि तो क्रोमच्या साक्यातच मिसळून बसतो. आम्ल घातले तरी हटत नाही. मॅग्नेशियम ऑक्साइड मात्र पाण्यात अगदी सावकाश विरघळते. त्यामुळे क्रोमचे कण हळूहळू भरतात, जड होतात, साका घट्ट बसतो आणि प्रेसवाचून भागते. शिवाय चुकून थोडे जास्त पडले तरी पीएच बेफाम चढत नाही. कॉस्टिकच्या बाबतीत हात सैल सुटला तर बसलेले क्रोम पुन्हा विरघळू लागते. छोट्या कारखान्यात रात्रपाळीला रसायनतज्ज्ञ नसतो, एखादा जुना कारागीरच असतो. त्याच्या हातून चूक झाली तरी नुकसान न व्हावे हा विचार या निवडीत आहे.

टाकीत आलेल्या क्रोमपैकी बहुतेक सर्व अशा रीतीने हाती लागते. तथापि परत मिळवलेले क्रोम नव्या पावडरीच्या तोडीचे असते असा दावा आम्ही करणार नाही. त्यात थोडी चरबी, थोडी प्रथिने, थोडे मॅग्नेशियम राहते. सगळा ड्रम त्याच्यावर चालवला तर रंगात फरक पडू शकतो. म्हणून सत्तर भाग नवे आणि तीस भाग परतीचे असे प्रमाण रूढ झाले, आणि तीस टक्के हेच जवळपास आपले वाहून जाणारे प्रमाण आहे. हिशेब तेथल्या तेथे जुळतो. ज्यांना धास्ती वाटते त्यांनी आधी अस्तराच्या मालावर करून पाहावे.

आणखी एक सावधगिरी, आणि ती जिवाची आहे. क्रोमचे व पिकलचे पाणी आम्लाचे असते, चुन्याच्या हौदाचे पाणी सल्फाइडचे. ही दोन पाणी एका नालीत भेटली की सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू उठतो. प्रमाण वाढले की त्याचा वास येणेही बंद होते, आणि हौदात उतरलेला मजूर वर येत नाही. त्याला काढायला उतरलेलाही येत नाही. वेगळी नाली ही केवळ क्रोमच्या बचतीसाठी नाही.

सामायिक प्रक्रिया केंद्र असले म्हणजे आपली जबाबदारी संपली, हाही समज सोडावा लागेल. जाजमऊत डच सरकारच्या मदतीने रोज ३६ दशलक्ष लिटरचे केंद्र उभे राहिले व १९९४ मध्ये सुरू झाले. त्यात नऊ भाग टॅनरीचे पाणी आणि सत्तावीस भाग शहराचे सांडपाणी. तेथे जंतूंच्या साहाय्याने घाण कुजवली जाते. जंतू चरबी खातील, प्रथिने खातील. धातू खाण्याची सोय निसर्गाने केलेली नाही. टॅनरीने क्रोम काढून न घेता पाणी पाठवले की ते गाळात उतरते किंवा पाण्याबरोबर शेतात जाते, आणि त्या पाण्यावर शेती करणाऱ्या गावांच्या तक्रारी सुरू होतात. क्रोम मिसळलेला गाळ खत म्हणून देता येत नाही, तो साठवावा लागतो. राणीपेटला ३१ जानेवारी २०१५ च्या पहाटे अशा साठवणीच्या टाकीची भिंत कोसळली आणि शेजारच्या टॅनरीत झोपलेले दहा जण गाळाखाली मेले. त्यांतले बहुतेक बंगालमधून पोटासाठी आलेले मजूर होते.

क्रोमियमचे दोन प्रकार आहेत, ते नीट ओळखले पाहिजेत. टॅनरीत वापरतात ते त्रिसंयुजी. त्याचा धोका तुलनेने कमी. दुसरे षट्‌संयुजी, ते पाण्यात सहज विरघळते, पिवळे असते आणि कर्करोगाला कारण ठरते. क्रोमची रसायने बनवणाऱ्या कारखान्यांच्या कचऱ्यात हे दुसरे असते. राणीपेटला आणि कानपूरजवळ रनिया येथे अशा कचऱ्याचे ढीग कारखाने बंद पडल्यावरही भूजल पिवळे करीत राहिले. टॅनरीवाल्याचा त्याच्याशी संबंध नाही असे मात्र नाही. क्रोमचे कात्रण व भुसा भट्टीत सरपण म्हणून जाळला की राखेत त्रिसंयुजीचे षट्‌संयुजी होऊ शकते. फुकटचे जळण म्हणून कात्रण वापरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. त्यापेक्षा कात्रणापासून लेदरबोर्ड करणाऱ्यांना ते विकलेले बरे.

धारावीतल्या आपल्या बांधवांचा येथेच संबंध येतो. धारावीच्या जुन्या टॅनऱ्या केव्हाच हलल्या, आता तेथे बॅगा, पाकिटे, पट्टे, जॅकेटे होतात आणि तयार चामडे मद्रास-कानपूरकडून येते. पण युरोपात १ मे २०१५ पासून नियम आहे की अंगाला लागणाऱ्या चामड्याच्या मालात एका किलोमागे तीन मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त षट्‌संयुजी क्रोमियम असता कामा नये. माल परत आला तर तो धारावीच्या कारागिराच्या अंगावर येतो, टॅनरीच्या नव्हे. हे क्रोमियम चामड्यात मागाहूनही तयार होते: मासळीच्या तेलासारखी लवकर खवट होणारी तेले वापरली, शेवटी चामडे पुरेसे आम्लधर्मी ठेवले नाही, माल फार तापवला, तर. शेवटच्या टप्प्यात थोडे वनस्पतींचे टॅनिन दिले तर हा बदल रोखला जातो. तेव्हा खरेदी करताना रंग आणि जाडी पाहतो तसा तपासणीचा कागदही मागावा.

वनस्पतींचे टॅनिन म्हणजे आपला हिरडा, बाभळीची साल, तरवडाची साल. कोल्हापुरी चपलेचे चामडे क्रोमवर नव्हे, यांवरच कमावले जाते. वेळ फार लागतो, चामडे जड व कडक होते, सांडपाण्याचा रंगही गडद असतो. म्हणून बुटाच्या मऊ वरच्या भागाला क्रोमचा पर्याय अजून हिरडा नाही. तळव्याला, पट्ट्याला, जिनाला आहे.

सुरुवातीलाच मिठाबद्दल बोलायला हवे होते, कारण निम्मे दुखणे तेथे आहे. कच्चे कातडे टिकावे म्हणून त्याच्या वजनाच्या चाळीस-पन्नास टक्के मीठ लावतात. बकरी ईदच्या दिवशी कातडी गोळा करणाऱ्या मदरशांना हे ठाऊक आहे: मीठ लागायला उशीर झाला की माल गेला. हे सारे मीठ टॅनरीत पहिल्याच भिजवणीत पाण्यात उतरते आणि कोणतीही रासायनिक प्रक्रिया ते काढू शकत नाही. तामिळनाडूतील केंद्रांनी त्यासाठी अतिसूक्ष्म पडद्यांची यंत्रे आणि बाष्पीभवनाचे बॉयलर बसवले. पाणी स्वच्छ मिळते, पण वीज व जळण खाते, आणि मागे उरलेल्या मिश्र मिठाला गिऱ्हाईक नसते.

जुना उपाय उन्हाचा. भिजवणीचे पहिले पाणी वेगळे घेऊन उथळ वाफ्यांत पसरायचे, आपल्या मिठागरासारखे. पण कोरड्या हवेतही दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी उडते. रोज एक हजार लिटर उडवायचे तर दोनशे-अडीचशे चौरस मीटर जागा हवी. म्हणून पाणी फवारून किंवा उतरत्या काळ्या पृष्ठावरून वाहवून तेवढ्याच जागेत जास्त पाणी उडवण्याचे प्रयोग झाले. मुंबईच्या दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात हा उपाय चालणार नाही, हे आम्ही आधीच सांगतो. आपल्याकडे कातडे भिजवण्यापूर्वी जाळीच्या ड्रममध्ये किंवा घोड्यावर झटकून सुटे मीठ काढणे हेच खरे, आणि त्याला मजुरीशिवाय खर्च नाही.

शेवटचा शोध त्याच मद्रासच्या संस्थेचा. ड्रममध्ये पाणी न घालताच क्रोम देण्याची तिची पद्धत २०१६ च्या सुमारास देशभरच्या टॅनऱ्यांकडे जाऊ लागली. पन्नासेक टॅनऱ्यांनी नावे नोंदवल्याचे तेव्हा जाहीर झाले. तीत पिकल नाही, शेवटी सोडा देऊन क्रोम बसवणेही नाही. क्रोमचा वापर पंधरा ते वीस टक्क्यांनी घटतो आणि सांडपाण्यातले विरघळलेले क्षार वीस टक्क्यांनी. ज्यांची टॅनरी अजून जुन्या रीतीने चालते त्यांनी मॅग्नेशियमच्या टाक्या बांधण्यापूर्वी या पद्धतीची चौकशी करावी, असे आमचे मत आहे.

ज्याच्याकडे रोज पाच-पंचवीसच कातडी होतात त्याला स्वतःच्या टाक्या परवडत नाहीत. त्याने शेजाऱ्यांबरोबर सामायिक क्रोम वसुली केंद्र करावे. पाणी टँकरने जाते, द्रावण परत येते, वाटणी मापावर. मात्र सामायिक असो वा स्वतःचे, पहिला खर्च प्रत्येकाला आपल्याच जमिनीत करावा लागतो. क्रोमच्या ड्रमखालून एक वेगळी नाली, आम्लाला टिकेल अशा नळाची, थेट झाकलेल्या टाकीपर्यंत. फरशी नवी घालणार असाल तर ती आधी टाकून घ्या.